लोखंडाची चव

मुलांनो, कल्पना करा, तुमच्या गल्लीत एकच बेकरी आहे. पुढे दुकान, मागे भट्टी, मध्ये एक जाड पडदा. पडद्याआड भिंगरी नावाच्या मुलीची आई रोज पोतंभर पीठ हाताने मळते. मळून मळून तिची मनगटं इतकी सुजली, की तिला साधा पेलाही धरवेना.

म्हणून तिने एक यंत्र जुळवलं. जुन्या सायकलची पायडलं, साखळी आणि आत लोखंडी पाती बसवलेलं पिंप. पायडल मारलं की पीठ मळून निघे. ही बातमी गल्लीत पसरायला कितीसा वेळ लागतो?

"पावाला लोखंडाची चव येते हो," शिंपीकाका म्हणाले.

"मला तर तेलाचा वासही आला," शेजारच्या काकू म्हणाल्या. काकूंना तेव्हा सर्दी होती, पण ते असो.

गिऱ्हाइकं हळूहळू पलीकडच्या चौकातून पाव आणू लागली. शेवटी भिंगरीचे बाबा म्हणाले, "उद्या ते यंत्र भंगारात देऊन टाकू. लोकांना नको, तर नको."

"आणि माझे हात?" आईने विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्राची साखळीच उतरली. ती काही केल्या बसेना, तेव्हा आई हातानेच मळायला लागली. पहिले पाव भट्टीतून निघाले. शिंपीकाकांनी दुकानातच एक तुकडा तोडला, चावला आणि तोंड वाकडं केलं.

"घ्या. आजही तेच. लोखंड."

"आज जरा जास्तच," त्याच पावाचा तुकडा चघळत काकू म्हणाल्या.

पाव बांधून देणाऱ्या भिंगरीने मागे वळून पडदा सारला. आत आई कोपरापर्यंत पिठात होती. यंत्राची साखळी जमिनीवर लोळत होती.

"काका, आजचा पाव आईने हाताने मळलाय," भिंगरी म्हणाली. "यंत्र बंद आहे."

काका तोंडातला घास नुसताच घोळवत राहिले.

"मग कालची चव राहिली असेल जिभेवर," काकूंनी त्यांना सावरून घेतलं.

आपलं चुकलं असं कुणी म्हणालं नाही. लोक सहसा म्हणत नाहीत. बाबा मात्र आईच्या मनगटांकडे बघत राहिले, मग खाली बसून साखळी चढवू लागले. या खेपेला ती बसली.

भिंगरीने पडदा कड्यांसकट काढून ठेवला, आईला बाजूला बसवलं आणि सगळ्यांच्या देखत पायडल मारायला लागली.