वॉटर्लूला गाडी बदलताना

मेडिकलची वेळ साडेअकराची होती. न्यूझीलंडमधल्या वायनुइओमाता गावाहून बसने वॉटर्लू स्टेशन गाठायचं आणि तिथे वेलिंग्टनची ट्रेन धरायची. गुरुदत्त ऑफिसमधून वेलिंग्टन स्टेशनवर येणार होता.

"आई, वॉटर्लूला फक्त गाडी बदलायचीय. बस सोडते तिथूनच आत जायचं," तो सकाळी निघताना म्हणाला. "अप्पा बरोबर आहेतच की!"

अप्पा बरोबर आहेत, हीच तर सुलेखाबाईंची काळजी होती. सांगलीच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवलेले दीनानाथ गेली दोन वर्षं विसरत चालले होते आणि ते फक्त सुलेखाबाईंनाच ठाऊक होतं. मुलाला कळू नये म्हणून त्यांनी नाना युक्त्या केल्या होत्या. नात खोलीत आली की आधी आपणच हाक मारायची, "श्रिया, आजोबांना पाणी दे गं," म्हणजे नाव त्यांच्या कानावर पडायचं. आता गुरुदत्तने दोघांच्या इथल्या कायमच्या व्हिसाचा अर्ज भरला होता आणि त्यासाठीच आजची मेडिकल होती. डॉक्टर काय विचारतील कोण जाणे! आठवडाभर त्या नवऱ्याकडून वार, तारीख, साल घोकून घेत होत्या. कधी उत्तर दोन हजार सात यायचं, कधी त्र्याण्णव.

स्टेशनवर बसमधून माणसं भराभर उतरत होती. कुणी फलाटाकडे धावत होतं, कुणी ट्रेनमधून उतरून बसच्या रांगेत उभं राहत होतं. जुलै म्हणजे इथला हिवाळा; गार वारा हाडांत शिरत होता. सुलेखाबाईंनी सकाळी मुद्दाम चहा घेतला नव्हता, तरी थंडीने व्हायचं ते झालंच. त्यांनी दीनानाथांना बाकावर बसवलं.

"अहो, मी बाथरूमला जाऊन येते. इथून हलू नका हं."

"मी काय लहान आहे का?" ते हसून म्हणाले.

चार मिनिटांत त्या परत आल्या. बाक रिकामा होता. मधल्या वेळात दोन्ही दिशांना एकेक ट्रेन येऊन गेली होती.

त्यांनी फलाट या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला. रुळांखालच्या बोगद्यातून पलीकडे गेल्या, परत आल्या, बसच्या रांगेतला प्रत्येक चेहरा पाहिला. बाहेर रस्ता, गाड्या. ते रस्त्यावर गेले असतील तर? त्यांच्या खिशात पत्ता नव्हता. फोन एकच होता, तो सुलेखाबाईंच्या पर्समध्ये. तो त्यांनी दोनदा काढला आणि दोनदा आत ठेवला.

कॉफीच्या टपरीवर एक जाडसर माओरी बाई होती. तिच्या छातीवरच्या पट्टीवर मिरियामा असं नाव होतं.

"माय हजबंड," सुलेखाबाई म्हणाल्या. "नॉट हिअर. लॉस्ट."

"फिरायला गेले असतील, डिअर," ती इंग्रजीत म्हणाली. "मोठे आहेत ना? येतील."

बाई गिऱ्हाइकाकडे वळली. सुलेखाबाई तिथेच उभ्या राहिल्या. जे मराठीतही कुणाला सांगितलं नव्हतं ते आता तोडक्यामोडक्या इंग्रजीत सांगायचं होतं.

"ही फरगेट," त्या म्हणाल्या. "एव्हरीथिंग फरगेट. समटाइम्स फरगेट मी ऑल्सो."

मिरियामाने हातातला कप खाली ठेवला. टपरी तशीच उघडी टाकून ती त्यांना हाताला धरून तिकीट खिडकीशी घेऊन गेली. कोट कोणत्या रंगाचा, चष्मा आहे का, उंची किती, सगळं तिने विचारून घेतलं. आतल्या माणसाने फोन फिरवायला सुरुवात केली.

तेव्हा सुलेखाबाईंनी मुलाला फोन लावला. ट्रेन चुकली एवढंच सांगता आलं असतं.

"गुरू, अप्पा स्टेशनवरून कुठेतरी गेलेत. त्यांना विसरायला होतं रे. आजचं नाही, दोन वर्षं झाली. मी लपवलं."



"मेडिकलच्या दिवशी हे सांगतेस, आई?"

"हरवले म्हणून सांगतेय. नाहीतर आजही सांगितलं नसतं."

"आलो मी," तो म्हणाला. "तिथून हलू नकोस."

पंचवीस मिनिटं गेली. मिरियामा मधूनमधून येऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवून जात होती. शेवटी तिकीट खिडकीतल्या माणसाने अंगठा वर केला. दीनानाथ उलट्या दिशेच्या ट्रेनमध्ये चढले होते. तिकीट मागायला आलेल्या गार्डला त्यांनी सांगितलं होतं की सांगलीला उतरायचंय, शाळा भरायची वेळ झाली. गार्डने त्यांना एकट्याने खाली उतरू दिलं नव्हतं. पुढच्या एका स्टेशनवर त्यांना परतीच्या ट्रेनमधल्या गार्डच्या हवाली केलं होतं.

ट्रेन आली तेव्हा गुरुदत्तही येऊन पोचला होता. दीनानाथ उतरले, कोट झटकला आणि बायकोला पाहताच रागावले.

"कुठे गेली होतीस तू? किती शोधलं मी!"

"चुकलंच माझं," सुलेखाबाई म्हणाल्या आणि त्यांची बाही घट्ट धरून रडू लागल्या.

गुरुदत्तने तिथूनच दवाखान्यात फोन करून वेळ रद्द केली. अशा आजारात कायमचा व्हिसा मिळणं कठीणच होतं, म्हणून पुढे त्याने अर्जही मागे घेतला. नोव्हेंबरात आईवडिलांना घेऊन तो सांगलीला गेला, बिनपगारी रजा काढून तीन महिने राहिला, चांगला डॉक्टर आणि दिवसभराची बाई बघूनच परतला.

पण त्या दिवशी ते तिघं बसने घरी आले. जेवणं झाल्यावर गुरुदत्त वडिलांशेजारी जगाचा नकाशा पसरून बसला.

"जा आई, पड जरा. मी आहे इथे."

सुलेखाबाईंनी खोलीचं दार लावून घेतलं. दोन वर्षांत त्या दार लावून झोपल्या नव्हत्या. जाग आली तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते, आणि बाहेर दीनानाथ मुलाला नद्यांची नावं सांगत होते.