नंदूचे वजन आणि माझी चूक

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. किराणा दुकानातला नव्हे, भाजीवाल्याचाही नव्हे. मी बाळांची वजने करतो. माझे तोंड घड्याळासारखे गोल आहे, पण त्यावर काटा एकच. डोक्यावर कडी आहे, तिने मला वर टांगतात. खाली आकडा आहे, त्याला कापडी झोळी लावतात. झोळीच्या दोन भोकांतून बाळाचे दोन पाय बाहेर काढले की बाळ अधांतरी लोंबते आणि माझा काटा फिरून किलो सांगतो.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथले मला फार आठवत नाही. पोटात स्प्रिंग बसवताना झालेली गुदगुली तेवढी आठवते. मग खोक्यात बसून मी शिरूरला आलो आणि तिथून जीपने, न्हावरे गाव मागे टाकून, उसाच्या शेतांमधल्या एका लहानशा वस्तीवरच्या अंगणवाडीत पोचलो. अंगणवाडीच्या मायाताईंनी मला टांगले आणि सगळ्यात आधी स्वतःची पर्स माझ्या आकड्याला अडकवून पाहिली. "अगं बाई! एवढं ओझं रोज खांद्याला घेऊन फिरती व्हय मी?" असे म्हणून त्या खूप हसल्या. माझे पहिले वजन ते.

त्यानंतर बारा वर्षे मी वस्तीवरचे एकेक बाळ तोलले. काही झोळीत पाय घालताच टाहो फोडत. काही झोके घेत झोपी जात. किती जणांनी माझ्या झोळीत शू केली याची मोजदाद मी सोडून दिली. तेव्हाची बाळे आता सायकलवरून हायस्कुलात जातात. एकदा तपासणीला आलेल्या बाई म्हणाल्या, "हा काटा शंभर ग्रॅमनेसुद्धा चुकत नाही हो." ते ऐकून मी फार फुगलो. मी सांगेन तेच खरे, असे मला तेव्हापासून वाटू लागले.

पुढे नवा इलेक्ट्रॉनिक काटा आला. बाळाला त्यावर निजवले की लाल आकडे चमकत. माझी रवानगी कपाटात झाली, पातेल्यांच्या आणि जुन्या तक्त्यांच्या मागे. दोन वर्षे मी तिथे धूळ खात पडलो. मग एका फेब्रुवारीत त्या नव्या काट्याचे सेल संपले. तसले सेल वस्तीच्या दुकानात मिळेनात आणि वरून मागवलेले येईनात. मायाताईंना माझी आठवण झाली. त्यांनी मला पुसून खिडकीत ठेवले आणि त्या दोरी आणायला गेल्या. तेवढ्यात एका मांजरीने खिडकीत उडी मारली आणि मी धाडकन फरशीवर आपटलो. पोटात काहीतरी खट् झाले. मायाताई धावत आल्या. मला उचलून त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिले. काटा शून्यावर होता.

"चांगला हाय की," त्या म्हणाल्या आणि त्यांनी मला टांगले. मलाही तसेच वाटले.

झोळीत बसण्याजोगे बाळ त्या वेळी वस्तीवर एकच होते. भिमाजी आबांची नात राजनंदिनी. घरात तिला नंदू म्हणत. ती तेव्हा दहा महिन्यांची होती. तिची आई स्नेहल आणि आजी साखरबाई तिला घेऊन आल्या. नंदू रडली नाही. उलट माझ्या काचेवर टकटक करून माझ्याशीच बोलू लागली. मी ऐटीत काटा फिरवला. सात किलो चारशे ग्रॅम.

मायाताईंनी कार्डावर पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला. "स्नेहल, मागल्या महिन्यात आठ किलो भरली होती गं. सहाशे ग्रॅम उतरली. ताप, जुलाब काही?"

"काहीच नाही ताई. खाती पण चांगली."

"खाती कुठं?" साखरबाई मध्येच बोलल्या. "ही मोबाईल लावून देती आन् पोरगी बघत बसती. घास कानात जातोय का तोंडात, हिचं ध्यान असतंय का?"

स्नेहल नंदूचे पाय झोळीतून सोडवू लागली. मायाताई म्हणाल्या, "काकू, असं नका बोलू. हा काटा घरी न्या. दर सोमवारी मी येते, वजन घेऊ. वर्षाची होईपर्यंत नाही वाढलं, तर शिरूरला डॉक्टरांना दाखवू."

अशा रीतीने मी भिमाजी आबांच्या पडवीत, पत्र्याखालच्या पाइपला लटकू लागलो. मित्रांनो, इतकी वर्षे मी बाळे फक्त तोलली होती. बाळ दिवसभर काय करते हे मला तिथे कळले.

नंदू सकाळी उठली की आधी सगळ्यांना उठवी. मग रांगत पडवीत येई आणि स्टीलचा तांब्या फरशीवर आपटून गावाला जाग आणी. तिला एकच शब्द येई, "भू." कुत्रा भू, गाय भू, ट्रॅक्टर भू आणि आबांच्या मिशासुद्धा भू. कुणी "टाटा" म्हटले की ती माणूस निघून गेल्यावर बऱ्याच वेळाने, रिकाम्या अंगणाकडे बघून हात हलवी. रात्री तिच्या डोळ्याला डोळा लागेना तेव्हा तिचा बाप इंद्रजीत तिला खांद्यावर टाकून उसाच्या कडेने चकरा मारी. आबांच्या बाजेला धरून ती उभी राही आणि कडेकडेने चालत पलीकडच्या टोकाला पोचली की विजयी होऊन आरोळी ठोकी.

एका दुपारी तिने बाजेवरचा हात सोडला. कुणाच्या आधाराशिवाय ती उभी राहिली.

"हलू नका कुणी!" आबा कुजबुजले. स्नेहल दारात, साखरबाई सुपासह ओट्यावर, सगळे थिजले. आबांनी बोटांवर मोजले, एक, दोन, तीन, चार. पाचाला नंदू बद्दिशी खाली बसली आणि स्वतःच टाळ्या वाजवू लागली. मला हात असते तर मीही वाजवल्या असत्या.

आणि खाणे तर विचारूच नका! मी दाखवलेल्या त्या सात चारशेमुळे घर नुसते भरवायला लागले होते. सकाळी नाचणीची खीर, मग केळे, मग तूप घातलेली मऊ खिचडी, उकडलेले अंडे. साखरबाई चिऊकाऊचे घास भरवत. आबा गुपचूप गुळाचा खडा चाटवत. मधल्या वेळात नंदू अंगणातले एखादे ढेकूळ स्वतःच्या हाताने खाई.

तरी सोमवार आला की सगळे पडवीत माझ्याखाली गोळा होत. सात चारशे. सात पाचशे. पुन्हा सात पाचशे. वजन वाढत होते, पण माझ्या काट्याला जानेवारीतले आठ काही गाठता येईना.

स्नेहलला दुसराही घोर होता. नंदू होण्याआधी ती रोज बसने कारेगावला जाई, तिथे एका कंपनीत क्वालिटीच्या, म्हणजे माल तपासण्याच्या कामाला होती. बाळ वर्षाचे झाले की परत यायचे, असे तिने कंपनीतल्या मॅडमना सांगितले होते. एप्रिलच्या वीस तारखेला नंदूला वर्ष होणार होते आणि मेच्या पहिल्या आठवड्यात तिला कामावर हजर व्हायचे होते.

पण साखरबाईंनी एके सोमवारी निकाल दिला. "पोरगी सुकत चाललीय आन् तुला कंपनी सुचतीय? वजन भरल्याबिगर बसचं नाव काढायचं न्हाई."

"आई, मी काय उपाशी ठेवती का तिला?" स्नेहल म्हणाली. "सगळं तुमच्यादेखत भरवती ना?"

"मंग जातंय कुठं सगळं?"

याचे उत्तर माझ्याकडे होते, पण ते मला ठाऊक नव्हते. सगळे गेल्यावर स्नेहल माझ्याखाली उभी राहिली आणि रिकाम्या झोळीकडे बघत पदराने डोळे पुसू लागली. मित्रांनो, मी तेव्हाही मनात म्हणत होतो, मी काय करू? जे आहे ते मी सांगतो.

वाढदिवसाला तीन दिवस राहिले. अंगणात कांदा निवडण्याचे काम चालू होते. चार बायका कांदा निवडत होत्या आणि इंद्रजीत मोठ्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर गोण्या तोलत होता. स्नेहल पडवीत मोबाईल हातात घेऊन बसली होती. कंपनीत "मला जमणार नाही" असे कळवायचे तिने ठरवले होते. शेजारी साखरबाई नंदूला वाढदिवसाचा फ्रॉक घालून बघत होत्या. फ्रॉक पाठीवर बसेना.

आबा बाजेवर बसून हे पाहत होते. त्यांनी नंदूला जवळ ओढले आणि तिच्या कमरेच्या काळ्या करदोट्यात बोट घालून पाहिले.

"अगं, हा करदोटा बोरन्हाणाच्या दिवशी मीच बांधला. तवा दोन बोटं आत जात व्हती. आता करंगळी जाईना. पोरगी उतरतीय आन् करदोटा तटतोय, हे कसं?"

"पोट सुटलं आसंल," साखरबाई म्हणाल्या.

"आन् मांड्या? त्याबी सुटल्या?"

साखरबाईंनी नंदूच्या मांड्या चाचपून पाहिल्या. आबा उठले. "चाळीस वर्सं कांदा इकतोय मी. गोणी कमी भरली की मी आधी गोणीकडं न्हाई बघत, काट्याकडं बघतो. इंद्रा, ती गोणी खाली घे!"

इंद्रजीतने गोणी उतरवली, काट्यावर स्वच्छ टॉवेल अंथरला. आबांनी नंदूला त्यावर बसवले. तिने लगेच शेजारच्या ढिगातला एक कांदा उचलला आणि चावला. तिचे तोंड असे काही वाकडे झाले की बायका हसून लोळल्या. त्या हसण्यात इंद्रजीत ओरडला, "आबा! आठ किलो सहाशे!"

"उतरव. परत बसव."

परत बसवली. परत आठ सहाशे.

वाढदिवसाच्या बुंदीसाठी पाच किलो साखर आणली होती. आबांनी पिशवी आधी त्या मोठ्या काट्यावर ठेवली. बरोबर पाच. मग ती घेऊन ते माझ्याकडे आले आणि त्यांनी ती माझ्या आकड्याला लावली. मी काटा फिरवला. चार किलो दोनशे.

अंगणातली सगळी तोंडे माझ्याकडे वळली. इतकी वर्षे बाळांच्या तोंडाकडे बघणाऱ्या मला त्या क्षणी कुणाच्याच तोंडाकडे बघवेना.

आबांनी पिशवी काढली, चष्मा लावला आणि माझ्या काचेला नाक लावून म्हणाले, "ही बारकी खिळी दिसती का? काट्याला मागं जाऊ न देणारी? हे बेणं शून्यावर न्हाई, खिळीला रेटून बसलंय. खिळी नसती तर पार मागं गेला असता. आठशे ग्रॅम खातोय हा."

आता मला ते खट् आठवले. पडलो त्या दिवसापासून मी प्रत्येक वेळी नंदूचे आठशे ग्रॅम गिळत होतो आणि दोष तिच्या आईला लागत होता.

स्नेहल एकदम हसली आणि हसता हसता रडू लागली. नंदूने तिचे गाल थोपटले आणि कांद्याचा हात तिच्या डोळ्यांना लावला, त्यामुळे ती आणखीच रडली. इंद्रजीतने तिच्या हातातला मोबाईल हळूच काढून घेतला आणि अर्धा लिहिलेला तो नकार पुसून टाकला.

साखरबाई फ्रॉकची घडी घालत, मोडत बसल्या. मग त्यांनी विचारले, "बस किती वाजता येती गं फाट्यावर?"

"साडेसहाला."

"मंग सहाला पोरगी माझ्याकडं दे. वेणी घालायला तुला वेळ व्हईल." फ्रॉक तिच्या हातात देऊन त्या म्हणाल्या, "माझं तोंडच तसलं. मनात नको ठिवू."

संध्याकाळी मायाताई आल्या. सगळे ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला. "चूक माझी हाय आबा. पडलेला काटा मी न तपासता टांगला." साखरबाईंनी त्यांना चहा पाजला आणि रविवारी वाढदिवसाला जेवायला यायचे बजावले.

वाढदिवस झोकात झाला. नंदूने केकमध्ये आधी हात आणि मग कोपर घातले. चालली मात्र नाही. सगळे "ये, ये" करून थकले, पण ती बुंदीच्या ताटाजवळून हलली नाही. आबांनी कांद्याच्या काट्यावर सगळ्या वस्तीची वजने केली. साखरबाईंचा आकडा फक्त इंद्रजीतने पाहिला आणि तो कुणाला सांगायचा नाही अशी त्याला शपथ पडली.

मला मायाताईंनी शिरूरला काटे दुरुस्त करणाऱ्याकडे नेले. त्याने माझे पोट उघडले, स्प्रिंग जागेवर बसवली आणि वजने लावून लावून मला तपासले. मे महिन्यात मी पुन्हा अंगणवाडीत टांगलो गेलो. त्या दिवशी नंदूला साखरबाई एकट्याच घेऊन आल्या. मायाताईंनी आधी मिठाची एक किलोची पुडी मला लावली, बरोबर एक भरली, मग नंदूला बसवले. आठ किलो आठशे. साखरबाईंनी तिथूनच कंपनीत फोन लावला.

"स्नेहल, आठ आठशे भरली गं!" त्या एवढ्या मोठ्याने ओरडल्या की फोन लागला नसता तरी कारेगावला ऐकू गेले असते. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "डबा खाल्लास का तू? भाकरी राहती का मऊ?"

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. मला जपा, पण नुसते पुसून नव्हे. मी पडलो तर तसे सांगा. बाळ झोळीत बसवण्याआधी एखादी मिठाची पुडी लावून मला तपासा. आणि कधी एखाद्या बाळाचे वजन कमी भरले, तर त्याच्या आईला काही विचारण्याआधी एकदा माझी काच पुसून आत नीट बघा. मला राग येणार नाही.