पोरीसाठी गाव

माझ्या बाने मला नवरा शोधला तो एका दुपारीत. मुलाचे हात पाहिले, घराची चौकट ठोकून पाहिली आणि सुपारी फोडून आला. पण त्याच बाने मी पाच-सहा वर्षांची असताना माझ्यासाठी गाव शोधायला घेतलं होतं, आणि त्यात त्याचा अख्खा हिवाळा गेला. "नवरा वंगाळ निघाला तर म्हागारी येता येतं," तो म्हणायचा, "गाव वंगाळ निघालं तर कुठं जायाचं?" बाचं डोकं हे असं चालायचं. त्याच्याशी वाद घालेल असं माणूस दहिवलीत एकच होतं, ते म्हणजे माझी आई.

आम्ही दहिवलीचे सुतार. बाचं नाव बुधाजी, आईचं सोनाबाई. नांगर, जू, दारं, पाळणे, लागेल ते बा करून द्यायचा. गाव तसं चांगलं. नदी होती, भात पिकत होतं. पण भात कापून झालं की हिवताप यायचा, दर वर्षी न चुकता. मोठी माणसं घोंगडीखाली कुडकुडून पुन्हा उठायची. पोस्टात हिवतापावरची, कोयनेलची पुडी मिळायची, पण ती इतकी कडू की मोठ्यांच्याही घशाखाली उतरत नसे, मग तान्ह्याच्या कुठून उतरणार? माझ्या आधीचे दोन भाऊ त्या तापात गेले, आणि त्या वर्षी माझ्या पाठची गोदा गेली. मधली मी, ठमी, तेवढी उरले.

गोदाला पुरून पुरुषमंडळी परत आली तेव्हा आईने विचारलं, "कुठं ठेवली?"

"नदीच्या कडंला," बा म्हणाला, "भावांच्या बाजूला."

आईने ती जागा पाहिलेली नव्हती. लहान मुलाला जाळत नाहीत, पुरतात, आणि पुरायला पुरुषच जातात. बायांनी तिकडे पाऊल टाकायचं नाही, पोटच्या पोरासाठीसुद्धा नाही. ही रीत कुणी घातली मला माहीत नाही, पण घालणारा कुणाची आई नव्हता एवढं नक्की. नदी दर पावसाळ्यात काठाचा एक तुकडा गिळते, हे मात्र आईला चांगलं माहीत होतं.

 काही दिवसांनी बा रंधा मारत असताना ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "ठमी हाय तवर हितनं उठायचं. जिथं पोरं जगतात तिथं जायाचं."

बा लगेच हो म्हणाला. भावकी हसली. पोरीसाठी गाव सोडणारा बाप त्यांनी पाहिला नव्हता. बा रंधा मारत राहिला. सुताराला काय, माणसं राहतात तिथे दारं लागतातच.

आता गाव निवडायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे बाला ठाऊक नव्हतं. बघून पसंत करायची एकच गोष्ट त्याला येत होती, ती म्हणजे सोयरीक. म्हणून त्याने आपल्या चुलतभावाला, जयवंताकाकाला, सोबत घेतलं. आमच्या भावकीतलं कुठलंही स्थळ काकाच्या नजरेखालून गेल्याशिवाय जमत नसे. त्याचे नियम पक्के होते. तिघांनी जायचं नाही. आधी कळवायचं नाही. बोलायचं कमी, बघायचं जास्त. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे स्थळ पसंत पडेपर्यंत तिथलं पाणी प्यायचं नाही, कारण पाणी घेतलं म्हणजे होकार दिला.

या नियमांनी दोघांनी मुंबई पाहिली. परळच्या चाळींचे जिने चढले आणि उतरले. घशाला कोरड पडली तरी नळाला तोंड लावलं नाही. संध्याकाळी आमच्या कर्जत स्टेशनावर उतरल्यावर दोघे गुरांसारखे पाणी प्यायले. मग कल्याण पाहिलं, पुणं पाहिलं. पुण्यात एका बाईने आपण होऊन तांब्या पुढे केला तर काका म्हणाला, "नको बाय, अजून पसंत नाय." त्या बाईच्या मागे दारात तिची लग्नाची मुलगी उभी होती. बाईने दार असं आपटलं की बाला बिजागरीची काळजी वाटली.

परत आल्यावर बा ओटीवर बसून आईला सगळं सांगायचा. मुंबईत नळ दारात, दवाखाना हाकेच्या अंतरावर, पण खोलीला खिडकी नाय. कल्याणात लाकडाच्या वखारी, हाताला काम भरपूर, पण डास आपल्याकडल्यापेक्षा मोठे. पुण्याची हवा कोरडी, शाळा चांगल्या, पण शेजारी कोण राहतं ते शेजाऱ्याला ठाऊक नाय. बा खरंच मन लावून बघून यायचा. मला आजही वाटतं, गाव बघायची ही काही वाईट तऱ्हा नव्हती. आई सगळं ऐकून घ्यायची आणि एकच गोष्ट विचारायची.

"तिथं पोरं कुठं पुरतात?"

 काका नुसता खोकायचा.

"ते नाय बघितलं?"

"अगं, ते कोण बघतं?"

"मग काय बघून आलात? दारं?"

शेवटी ती म्हणाली, आता मी येते. बाईमाणूस स्थळ बघायला निघालंय हे ऐकून जयवंताकाकाने अंग काढून घेतलं. मला घरी ठेवायला आई तयार नव्हती. तेव्हा आम्ही तिघंच निघालो आणि काकाचा पहिला नियम घरापासूनच मोडला.

कल्याणला आईने ना चाळ पाहिली ना वखार. तिने सरळ पोरं पुरायच्या जागेची वाट विचारली. परक्या गावात आपली बायको असलं काही विचारते म्हणून बाला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. लोक दचकून तिच्याकडे बघायचे, मग माझ्याकडे. खाडीच्या काठाला छोटे छोटे उंचवटे होते. कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून त्यांवर काट्या आणि दगड टाकलेले. आई लांबूनच बघत उभी राहिली. "लई हायत," म्हणाली, "आन् भरतीचं पाणी येत असंल." आम्ही परत फिरलो. पुण्यातही तेच झालं. नदी, काठ, काट्या. मुंबईला ती गेलीच नाही. तिथे जुनं उकरून त्याच जागी नवं ठेवतात असं तिने कुणाकडून तरी ऐकलं होतं.

उरली खोपोली. खोपोलीला शहर म्हणणं म्हणजे वासराला बैल म्हणण्यासारखं. पण घाटाखाली विजेचा कारखाना आल्यापासून तिथली वस्ती वाढत चालली होती, चार मुलखांची माणसं येऊन राहिली होती आणि सुतारांना उसंत नव्हती. आम्ही दुपारी पोहोचलो. आईने नेहमीसारखी वाट विचारली. वस्तीच्या बाहेर, टेकाडाच्या उतारावर, करंजाच्या झाडाखाली ती जागा होती. उंचवटे थोडेच होते. दगड नीट रचलेले, गवत काढलेलं. ओढा होता, पण पार खाली.

इथे मात्र आई जवळ गेली. खाली बसली. मातीवरून हात फिरवला. त्या हिवाळ्यात तिचा चेहरा मी पहिल्यांदाच असा मोकळा झालेला पाहिला.

"हीच जागा," ती म्हणाली. "सावली हाय. हितवर पाणी कंदी चढायचं नाय. कुणीतरी राखतं बी."

"म्हंजे?"

"म्हंजे खोपोलीच. हितंच ऱ्हाऊ."

बाला रागावलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. त्याचा राग लाकडावर निघायचा. त्या दिवशी तो ओरडला. "पोरीसाठी घर बघाया निघालो व्हतो का खड्डा?" त्याने माझं बकोट धरलं आणि मला आईसमोर उभं केलं. "ही बघ! जिती हाय ही! सकाळधरनं पोटात काय नाय हिच्या. एकदा तरी इचारलंस? पोरगी जगल कुठं ते बघायचं, का मेल्यावर निजवायची कुठं ते?"

"तसं नाय वं..."

"तसंच हाय!"

आई माझ्याकडे बघत राहिली. इतकी गावं ती माझा हात धरून फिरली, पण त्या सगळ्या वेळात मी तिला दिसत नव्हते, असं मला आता वाटतं. मग ती रडली. गोदा गेली तेव्हाही रडली नव्हती इतकी मोठ्याने रडली. "माझी तिन्ही कुठं हायत ते मला ठावं नाय," ती म्हणाली. "हिचं तरी ठावं असावं..." 

बा तिच्या शेजारी मातीत बसला. "मला ठावं हाय," तो म्हणाला. "घरी गेल्यावर मी दावतो तुला. रीत गेली चुलीत." तोही रडत होता. मला दोघांची भीती वाटली आणि भूकही लागली होती.

आम्ही वस्तीत परत आलो. बाने फडक्यातली भाकरी सोडून माझ्या हातात दिली, आणि मी ती चालता चालताच संपवली. एका घराच्या ओटीवर एक बाई तांदूळ पाखडत बसली होती. मोतीबाई तिचं नाव. पुढे ती आमची शेजारीण झाली. आई तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. आता ही पुन्हा तेच विचारणार असं मला वाटलं. बालाही तसंच वाटलं असावं, कारण त्याने मान खाली घातली.

"बाय," आईने विचारलं, "हितं पोरं खेळतात कुठं?"

मोतीबाई हसली. "कुठं म्हंजे? माझ्या डोक्यावर! ती काय समोर, दिसभर निस्ता कालवा."

समोरच्या मोकळ्या जागेत पोरं एकमेकांच्या मागे धावत होती. आई ओटीच्या कडेला टेकली. त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने माझा हात सोडला आणि म्हणाली, "जा."

दहिवलीत मी एकटी उंबऱ्याबाहेर गेले नव्हते. पोरांच्यात जाऊन काय करायचं असतं, हेही मला माहीत नव्हतं. मी त्यांच्या मधोमध जाऊन नुसती उभी राहिले. धावत आलेल्या एका पोरीचा धक्का लागला आणि मी तोंडावर पडले. गुडघा फुटला, रक्त आलं. मी वळून ओटीकडे बघितलं. आई दोन्ही हातांनी ओटीची कड घट्ट धरून बसली होती, आणि ती उठली नाही.