सलाईनपलीकडची इंदू

जात्यावरी दाना दाना, दळन सरलं नाही,
निंबावरचं पाखरू अजून फिरलं नाही…

हा आवाज इंदूचा. कामठीच्या घरी थोरली बहीण तांदूळ निवडता निवडता असं गायची, आणि आई म्हणायची, "गळा असावा तर असा." परकरातल्या धाकट्या यमूच्या गळ्याबद्दल कधी कुणी काही बोललं नाही.

इंदू बाळंतपणात गेली. वर्षाच्या आत यमू तिच्याच नवऱ्याला, गिरिधररावांना, दिली. तेव्हापासून सदतीस वर्षं थोरलीच्या नावाचा, सवतीच्या मानाचा चांदीचा टाक यमुताईच्या गळ्यात आहे. नवं लुगडं आधी टाकाला लावायचं, मग आपण नेसायचं. यमुताईने हे कधी चुकवलं नाही. मेलेल्या सवतीचा कसला आलाय हेवा!

पण अडीच वर्षांपूर्वी गिरिधररावांचं मन विझलं. सक्करदऱ्याच्या घरात दिवसदिवस भिंतीकडे तोंड. गोळ्या बदलून झाल्या, गुण नाही. मग धरमपेठेतल्या डॉक्टर करिष्मांनी केटामाइन सुचवलं.

"हे भुलीचं औषध आहे, काकू. थोड्या मात्रेत सलाईनमधून देऊ. तेवढा वेळ मन देहापासून सुटल्यासारखं होतं. बीपी चढू शकतं, चटक लागू शकते, मूत्राशयाला इजा होऊ शकते. लघवीचा जरा जरी त्रास झाला, तर लगेच सांगायचं."

तिसऱ्या सलाईननंतर ते हसले. दोन वर्षांनी. यमुताईचे डोळे भरून आले, तोच ते म्हणाले, "इंदू आली होती वं. गाऊन राहिली होती."

घरी येऊन तिने भाकरी थापली ती अशी, की शेजारीण डोकावून गेली.

सलाईन सुरू होऊन आता सातवा महिना. सलाईनच्या दिवशी गिरिधरराव नवरदेवासारखी दाढी घोटतात, तासभर आधी चपला घालून बसतात. "लवकरची तारीख माग नं वं," म्हणतात. आणि घंट्याघंट्याला मोरीत जाऊन भिंत धरून कण्हतात. "सांगू नको यमू. बंद करतीन."

तिने डॉक्टरांना कळवलं नाही. तिला स्वतःचीच भीती वाटत होती. सांगायचं ते त्यांच्या जिवासाठी, की इंदूला हाकलायला?

आज दंडाला बीपीचा पट्टा बांधून झाला. डॉक्टरांनी विचारलं, "लघवीचा त्रास?"

"काहीच नाही," गिरिधरराव म्हणाले, आणि डोळे मिटून हलकेच हसले. ते हसू यमुताईला ओळखीचं होतं. तिच्या वाट्याला मात्र ते कधी आलं नव्हतं. तिची मूठ टाकावर आवळली.

नर्सने सुई उचलली.

"थांब वं बाई!" यमुताई उठली. "डॉक्टरीनबाई, खोटं बोलून राहिले हे. महिना झाला, घंट्याघंट्याले उठतात. परवा लघवीत रक्त दिसलं."

"यमू!"

"तुम्ही चूप बसा." तिचा आवाज फाटला. "आणि माहं बी ऐका. मले माहीत होतं, तरी मी बोलली नाही. काहून, तर हे बंद व्हावं असं मलेच वाटे, अन् मी हेव्यापायीच सांगून राहिली का, याचं भेव वाटे. मले तुमची इंदू सोसत नाही हो. कधीच सोसली नाही."