चौथी फेरी

मंगळवार, सकाळचे साडेदहा. संशोधन संस्थेच्या तिसऱ्या मजल्यावरील सूक्ष्मदर्शकाची खोली. संशोधकाने डाव्या हाताने शेवटची काचपट्टी भिंगाखाली सरकवली आणि उंदराच्या मूत्रपिंडाच्या त्या पातळ कापातील, तपकिरी रंगलेल्या मृत पेशी तिसऱ्यांदा मोजल्या. एकेचाळीस. औषध न दिलेल्या उंदरात चव्वेचाळीस होत्या. त्याने खुर्ची इतक्या जोरात मागे ढकलली की ती कपाटावर आदळली.

मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा चिमट्याने अर्धा तास तोडायचा, पुन्हा सुरू करायचा आणि त्या आघातातून औषध किती पेशी वाचवते ते पाहायचे, हे त्याचे तीन वर्षांचे काम. पहिल्या तिन्ही फेऱ्यांत औषधाने मृत पेशी निम्म्यावर आणल्या होत्या. ते औषध रुग्णांना देऊन पाहावे की नाही, हे रुग्णालयाची समिती गुरुवारी ठरवणार होती. आणि नेमका चौथ्या फेरीआधी त्याचा उजवा हात मोडला. म्हणून या फेरीत उंदरांवरच्या शस्त्रक्रिया ताईंनी, प्रयोगशाळेतल्या जुन्या साहाय्यकांनी, केल्या.

“चिमटा जास्त वेळ राहिला असणार,” तो शेजारच्या टेबलाशी बसलेल्या ताईंना म्हणाला.

“घड्याळ लावून तीस मिनिटं,” ताई म्हणाल्या.

“मग औषध शिळं दिलंत.”

“प्रत्येक उंदराला ताजं कालवून दिलं. माझ्यावर खापर फोडू नका, डॉक्टर. हात तुमचा मोडलाय, माझा नाही.”

“प्रत्येकाला? अहो, सकाळी एकदाच कालवायचं आणि औषधाचे उंदीर आधी उरकायचे! दोन तासांत ते निकामी होतं. कितीदा सांगितलं!”

“मी चिठ्ठ्या टाकल्या. ज्याची निघाली, तो आधी. आणि उंदीर ठेवायची विजेची गरम गादी तासभर आधी लावून ठेवली. तुमच्यासारखं आल्या आल्या बटण दाबून लगेच चिमटा लावायचा, म्हणजे पहिल्या उंदरांनी थंडगार गादीवर कुडकुडायचं की काय?”

तो उत्तर द्यायला वळला आणि तसाच थांबला. मग त्याने आपली जुनी वही ओढली. शरीराचे तापमान. औषधाचे उंदीर: तेहतीस, चौतीस, तेहतीस. बिनऔषधाचे: सदतीस, सदतीस, सदतीस. पुढच्या फेरीत तेच. त्यापुढच्या फेरीतही तेच. गार पडलेल्या मूत्रपिंडाला रक्त कमी लागते आणि त्यातल्या पेशी कमी मरतात, हे तो दर वर्षी विद्यार्थ्यांना फळ्यावर आकृती काढून शिकवत असे. रकाना त्याच्याच सुबक अक्षरांत भरलेला होता. वाचला मात्र कधी नव्हता.

दार उघडून विभागप्रमुख आत आले.

“आकडे पाहिले मी,” ते म्हणाले. “एवढं तोंड पाडू नकोस. शस्त्रक्रिया करणारा हात बदलला, म्हणून फेरी बाद. खाली एक टीप टाकू. समितीत कोणी विचारणार नाही.”

ताईंनी काचपट्ट्या डबीत लावायला घेतल्या. एक खाचेत बसेना. त्यांनी ती पुसली आणि पुन्हा लावली.

संशोधकाने प्लास्टरमधल्या हाताने वही टेबलावरून पुढे रेटली. ती विभागप्रमुखांपर्यंत पोहोचली नाही, म्हणून तो उठला आणि त्यांच्यासमोर उघडी ठेवून रकान्यावर बोट टेकवले.

“पहिल्या तिन्ही बाद करा, सर,” तो म्हणाला. “ताईंची फेरी बरोबर आहे. औषध काहीच वाचवत नाही.”