उन्हाला घातलेली गादी

चंद्राबाईच्या अंगणातल्या दगडावर टेकून पौर्णिमाने पदराने मान पुसली. गावातली आशा सेविका म्हणून बाळांची वजनं, डोस, बाळंतिणींची विचारपूस, सारं तिने वर्षानुवर्षं याच दगडावरून केलं होतं. बौद्धवाडीतली बाई. ओटीवर ये असं कुणी म्हटलं नव्हतं, तीही गेली नव्हती.

“काकी, शनिवार-रविवार आपल्या खर्डीत आमचं आशांचं अधिवेशन हाय. बाया पार सिद्धगडाकडनं येणार. लॉजवाले भाडं सांगतात ते फिरायला येणाऱ्यांचं. आमच्या मानधनात बसत नाय. दोघींना रात्रीपुरतं ठेवाल?”

“ठेवीन की. घर ओसच हाय.” चंद्राबाईच्या हातातलं सूप थांबलं. “आडनावं काय गो त्यांची?”

पौर्णिमाने वाकून चपलेचा पट्टा नीट केला. तो नीटच होता.

“कळवते,” ती म्हणाली आणि उठली.

गेल्या वर्षी मुक्कामाची सोय नव्हती. बाया दुपारीच परतल्या आणि मानधनाचा ठराव रिकाम्या मंडपात मांडावा लागला. यंदा तसं व्हायला नको म्हणून ती दारोदार हिंडत होती. काही घरांनी जागा दिली. जिथे जिथे आडनाव विचारलं गेलं, तिथे तिने पुन्हा पाऊल टाकलं नाही.

शनिवारी सांजेला तिच्या दोन खोल्यांत बायाच बाया होत्या. कुणी कणगीला टेकलेली, कुणी चुलीपाशी पाय पसरून. लहानी नावाची उंबरमाळीची आशा दारातच आडवी झाली होती.

“मुंगी आली तर तिला उद्या ये म्हणावं,” लहानी म्हणाली. बाया हसल्या. पौर्णिमालाही हसायचं होतं, पण पाय दुखत होते.

तेवढ्यात अंगणात चंद्राबाई दिसली. या वाडीत ती कधी आली नव्हती.

“माझ्याकडच्या दोघी कुठं हायत?”

“तुमी आडनावं विचारलीत, काकी. मी ती कुणालाच विचारत नाय.”

चंद्राबाई पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिली.

“भात टाकलाय गो,” ती म्हणाली.

“आता कोण उठणार? सगळ्या दमल्यात.”

“आणि तू कुठं पडणार?”

पौर्णिमाने मागे वळून पाहिलं. तिची स्वतःची जागा उरलीच नव्हती.

“हिलाच ने गो आये,” लहानी पडल्या पडल्या म्हणाली. “नायतर उभ्यानं झोपंल. उद्या ठराव मांडायचाय हिला.”

चंद्राबाईने पौर्णिमाकडे पाहिलं. मग, “चल,” म्हणाली.

दोघी चंद्राबाईच्या घरी आल्या. अंगणात शिरताच पौर्णिमाचे पाय सवयीने दगडाकडे वळले. दगडावर कापसाची जाड गादी उन्हाला घातलेली होती. ऊन कधीच उतरलं होतं.

“एकटीला उचलत नाय,” चंद्राबाई म्हणाली. “दुसरं टोक धर.”

गादीत अजून ऊब होती. चंद्राबाई उलट्या पावलांनी मागे सरकत पायऱ्या चढली, ओटी ओलांडली, उंबऱ्याच्या आत गेली. उंबऱ्यापाशी पौर्णिमा थांबली. गादी मधोमध ताणली.

“ओढ बसते गो. मला मागचं दिसत नाय, तूच सांग.”

पौर्णिमाने आत पाहिलं. हे घर आतून ती पहिल्यांदाच पाहत होती.

“जरा डावीकडं, काकी,” ती म्हणाली. “मागं हंडा हाय.”