पान चारवरची चौकट

"रेलिक्ट!" कोशबाईंनी टेबलावर पट्टी आपटून पहिल्यांदा पुकारलं.

ज्याला सगळी कचेरी खोडरबर म्हणायची, त्या टायपिस्टाने कानात पेन्सिल घालून ती सावकाश फिरवली.

"रेलिक्ट!"

इंग्रजी शब्दकोशाच्या त्या कचेरीत शब्द मारायची रीतच तशी होती. वापराचा दाखला देणारं एकही कार्ड ज्याच्या खणात पन्नास वर्षांत पडलं नाही, तो शब्द भरदुपारी तीनदा पुकारायचा. कोणी ओ दिली नाही, की त्याच्या डोक्यावर लाल शाईने बारीकसा खंजीर काढायचा. मग शब्द मेला. पुढेही तो कोशात राहायचा, पण मढं म्हणून. सत्तावीस वर्षांत बाईंनी चारशेच्या वर शब्द असे मार्गी लावले होते आणि त्यांतल्या एकानेही तक्रार केली नव्हती.

"कोण होता हो बाई हा?" खोडरबरने विचारलं. "चांगल्या घरचा वाटतोय."

"विधवा. मागे उरलेली, हा मूळ अर्थ. थडग्याच्या दगडावर नवऱ्याचं नाव बोटभर, बायकोचं नखभर आणि मधे हा शब्द. घराच्या दस्तांत, मृत्युपत्रांत, वर्तमानपत्रांत, सगळीकडे. अमक्याची रेलिक्ट. जशी काही अमक्याची छत्री राहिली."

"मग लोकांना लाज वाटून सुटला?"

"लाज कसली, कंटाळा आला. विडो म्हणणं सोपं."

तिसऱ्या हाकेआधी खण एकदा उघडून बघायचा, हाही नियम होता. आत धूळच निघायची. आज कार्ड निघालं.

अक्षर बाईंनी लगेच ओळखलं. कचेरीला घरबसल्या अकरा हजार कार्डं लिहून पाठवणाऱ्या म्हाताऱ्या पेन्शनर वाचकाचं होतं ते. मागे झुकलेली अक्षरं, शेपटी तुटलेला 'आर'. म्हातारा वारला त्याला वीस वर्षं झाली होती. त्याच्या शोकसभेत बाईच बोलल्या होत्या. कार्ड पिवळं पडलेलं होतं, पण अंगठा फिरवला तर ओली शाई बोटाला लागली.

दाखला वर्तमानपत्रातला होता, पान चार, निधनवार्ता. "पुलाजवळच्या घड्याळजींच्या मागे त्यांची रेलिक्ट आहे, त्या कोशकचेरीत नोकरीस आहेत." खाली तारीख. येत्या गुरुवारची.

आज मंगळवार होता. सकाळीच पुलाजवळच्या दुकानात बाईंच्या नवऱ्याच्या हातून केसाएवढी स्प्रिंग दोनदा निसटली होती. "डावा हात जरा जड वाटतोय," ते म्हणाले होते आणि स्वतःच हसले होते.

"बाई, छापखान्याचा माणूस दारात ताटकळलाय," खोडरबर म्हणाला. "आहे का काही खणात?"

एक कार्ड निघालं तरी शब्द जगतो. सत्तावीस वर्षांत बाईंनी एकही कार्ड दडवलं नव्हतं.

"धूळ आहे," त्या म्हणाल्या आणि कार्ड पदराखाली गेलं. तिसऱ्यांदा त्यांनी शब्द पुकारला तो इतक्या हळू, की ओ द्यायची असती तरी कोणाला देता आली नसती. मग दौत ओढली आणि खंजीर काढला. नेहमीपेक्षा जरा मोठाच.

गुरुवारी सकाळी घड्याळजी वर्तमानपत्र नाकाशी धरून बसले होते.

"छापखान्यातले लोक झोपा काढतात की काय? हे बघ, पान चार. काळी चौकट आणि आत कोरं. कोण मेलं तेच लिहिलेलं नाही!"

"मेलं नसेल कोणी," बाई म्हणाल्या.

"डावा हात मात्र आज पिसासारखा हलका आहे हं."

बाईंनी ती चौकट कात्रीने कापली आणि गॅसवर धरून जाळली. त्या दिवशी कचेरीत जाताना त्या गाणं गुणगुणत होत्या, असं खोडरबर अजून शपथेवर सांगतो.

शुक्रवारी दुपारी तोच खोडरबर त्यांच्या टेबलाशी आला. आज पेन्सिल हातात होती.

"डब्ल्यूच्या खणात एक कार्ड जादा आलंय. शाई ओली आहे. माझ्या बाहीला लागली बघा. अक्षर तुमच्या त्या म्हाताऱ्याचं दिसतंय."

"कोणता शब्द?"

"विडोअर. विधुर."

शब्द ठणठणीत होता. रोज कोणी ना कोणी वापरत होतं. त्याच्या खणात दीडशे कार्डं होती. त्याला खंजीर लावायचा म्हटलं तर सगळी कचेरी हसली असती. बाईंनी कार्ड वाचलं, तारीख वाचली आणि नियमाप्रमाणे ते जागच्या जागी लावून टाकलं.

"काय लिहिलंय एवढं?"

"दाखला चोख आहे," त्या म्हणाल्या आणि चष्मा मिटून घरी निघाल्या.

घड्याळजी जेवायला घरी आले होते ते अजून दुकानात गेले नव्हते. जेवणाच्या टेबलावरच एक घड्याळ उलगडून बसले होते.

"आज लवकर? कचेरी बुडाली वाटतं!"

"उठा. चहा करा."

"मी?"

"तुम्हीच. साखर निळ्या डब्यात, वरच्या फळीवर. तुमच्या गोळ्या इथे. पांढरी सकाळची, पिवळी संध्याकाळची. लोकरीचे कपडे पेटीच्या तळाशी."

"अगं, चाळीस वर्षं मला इथल्या चमच्याला हात लावू दिला नाहीस. आजच काय नडलंय? शिकेन की हळूहळू."

"हळूहळूच शिकवते आहे. उद्या दूध तापवायचं. परवा रविवार आहे, भात लावायला शिकवीन." बाईंनी गॅसची आच स्वतःच्या हाताने कमी केली. "सोमवारी तुम्ही एकट्याने करून बघा."

"आणि तू काय करणार?"

"मी बघेन की," बाई म्हणाल्या. "लांबून."